हिरडी सरकली, मूळ उघडं पडलं: वाचकांचे प्रश्न

वरचा सुळा लांब दिसू लागलाय, गार पाण्याने सणक जाते. हिरडी परत वाढेल का?

आपोआप नाही. मालिश, तेल, पेस्ट, कशानेही नाही. सणक मात्र कमी होते. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दोन वेळा वापरा, घासून झाल्यावर नुसतं थुंका, चूळ भरू नका. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत पेस्ट बदलणाऱ्यांना कुठलीच लागू पडत नाही. हिरडीलगत नखाने चाचपून पाहा. आडवी खाच लागली तर संशय तुमच्या हातावर आहे. मऊ ब्रश घ्या, पेनासारखा तीन बोटांत धरा आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवा. आडवं घासणं बंद.

स्केलिंगनंतर (दातांवरचं किटण काढल्यावर) दातांत फटी पडल्या. हिरडी डॉक्टरांनी घालवली का?

नाही. फटी किटणाने बुजल्या होत्या, वर हिरडी सुजलेली होती. किटण निघालं, सूज उतरली आणि आधीच झालेलं नुकसान दिसू लागलं.

टाळूचा तुकडा काढून हिरडीला लावायचं म्हणतात. खरंच टिकतो का?

टिकतो, पण मूळ कितपत झाकलं जाईल हे शेजारच्या दोन दातांमधल्या हाडावर ठरतं. ते शाबूत असेल तर केस पेपरवर ‘आरटी १’ (हिरडी सरकण्याचा प्रकार) लिहिलेलं असेल. अशा ठिकाणी मूळ पूर्ण झाकलं जाऊ शकतं. ‘आरटी ३’ला, म्हणजे ते हाड बरंच झिजलेलं असताना, तसं आश्वासन कुणी देत असेल तर दुसरा सल्ला घ्या.

भूल देऊन टाळूच्या आतल्या थरातून साधारण १ ते दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा काढतात. मूळ साफ करून तो त्यावर बसवतात आणि शेजारची हिरडी सैल करून, त्यावर ओढून टाके घालतात. तुकड्याला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, भोवतालच्या पेशींवर तो जगतो. म्हणून तो जागचा हलला की गेला. आणि हलतो कशाने, तर बहुतेकदा ओठ वर उचलून आरशात पाहण्याने! सिगारेटनेही रक्तपुरवठा घटतो. ती सुटत नसेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकललेलीच बरी.

टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. डॉक्टर सांगेपर्यंत तिथे ब्रश लावायचा नाही. त्याऐवजी ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक माउथवॉश), १० मिलिलिटर, मिनिटभर, दोन वेळा. खळखळून नाही, तोंडात नुसतं धरायचं. बाकीचे दात पेस्टने घासले असतील तर मध्ये अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमधल्या फेसाने औषधाचा जोर कमी होतो. दातांवर तपकिरी डाग पडतील. ते पॉलिशने जातात. तुकड्याचा उघडा भाग पहिले काही दिवस पांढुरका दिसला तर घाबरू नका. रक्त दाबूनही थांबत नसेल किंवा सूज तीन दिवसांनंतर वाढतच असेल, तर फोन करा.

खाच फिलिंगने भरली तर चालेल?

चालेल, पण पुढे तुकडा बसवायचा विचार असेल तर आधी विचारा. फिलिंगची कड कुठे ठेवायची हे हिरडी कुठवर येणार त्यावर ठरतं. हिरडीलगत जागा कोरडी ठेवणं अवघड, त्यामुळे तिथली फिलिंगं निघूनही येतात.

दुखत नाही, फक्त १ मिलिमीटर सरकलीय. काही करायला हवं?

दिसण्याची तक्रार नसेल आणि तिथली हिरडी जाड, घट्ट असेल तर शस्त्रक्रिया नको. मोजलेला आकडा दाताच्या नावासकट आणि तारखेसह लिहून घ्या, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा वाढला तर मग बोलू.