हुमणीवर सोडलेले सूत्रकृमी कामाला का आले नाहीत?

प्रश्न : बोरिवलीत आमची लहानशी रोपवाटिका आहे. मोगरा आणि कढीपत्त्याच्या पिशव्यांत हुमणी (मुळे खाणारी भुंगेऱ्याची अळी) लागली, म्हणून कीटकभक्षी सूत्रकृमींची (धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींची) पावडर आणली. ती पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर राहिली आणि ऑक्टोबरात एका दुपारी आम्ही तिची आळवणी केली, म्हणजे ती पाण्यात मिसळून मुळांशी ओतली. अळ्या जिवंतच आहेत. सूत्रकृमींमुळे आता मुळांवर गाठी तर येणार नाहीत ना?

उत्तर : गाठींची चिंता सोडा. मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी निराळे, मेलॉइडोगायनी प्रजातीचे. आपण वापरलेले फक्त कीटकांवर जगतात. हुमणीसाठी सहसा दिला जाणारा हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका तर आपल्याच देशातला, कोइमतूरच्या मातीतून 1992 मध्ये नोंदवला गेलेला, आणि उष्ण हवामान सोसणारा आहे. तो अळीच्या शरीरात शिरून आपल्या पोटातले जिवाणू सोडतो आणि साधारण दोन दिवसांत अळी मरते. मेलेली अळी विटेसारखी तांबूस दिसली, तर काम झाले असे समजावे.

आपले सूत्रकृमी मात्र बहुधा शेडमध्येच मेले असावेत. पावडर म्हटले तरी ते जिवंत प्राणी आहेत. उष्ण हवामान सोसणारे असले तरी पत्र्याखालची उष्णता त्यांना सोसत नाही आणि उन्हातील अतिनील किरण त्यांना काही मिनिटांत निकामी करतात. यापुढे पावडर लेबलवर सांगितल्याप्रमाणे थंड जागी ठेवावी आणि वापरण्यापूर्वी चिमूटभर पावडर बशीतल्या पाण्यात तासभर भिजवून चांगल्या भिंगाखाली पाहावी. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांबीचे ते धागे वळवळत असतील तर जिवंत; सुईसारखे ताठ आणि निश्चल पडले असतील तर आळवणीचे श्रम वाया जातील.

वेळही चुकली. पहिल्या पावसानंतर भुंगेरे बाहेर पडून अंडी घालतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये अळ्या लहान असतात आणि लवकर बळी पडतात. ऑक्टोबरातल्या मोठ्या अळ्या चिवट असतात. आळवणी सूर्यास्तानंतर करावी, द्रावण सतत ढवळत राहावे, कारण सूत्रकृमी तळाशी बसतात, आणि प्रमाण दर चौरस मीटरला सुमारे अडीच लाख ठेवावे. आधी पिशव्या भिजवाव्यात आणि पुढे दोन आठवडे वाफसा, म्हणजे मातीतला बेताचा ओलावा, टिकवावा. मात्र पाणी साचू देऊ नये, कारण सूत्रकृमींनाही हवा लागते. हुमणीची अंडी-अळ्या बहुधा अर्धवट कुजलेल्या शेणखतातूनच पिशवीत येतात, म्हणून नवे खत भरण्यापूर्वी ते पसरून हाताने तपासावे.