सूज उतरली म्हणजे प्रतिकारशक्ती दबली का?

प्रश्न : सातवीणीच्या (सप्तपर्णीच्या) सालीचा अर्क प्रतिकारशक्ती दाबतो का, हे उंदरांवर तपासतेय. मेंढीच्या रक्तपेशी टोचून आणलेली पंजाची सूज किलोला 200 मिग्रॅ मात्रेला कमी आली. एवढं पुरेसं आहे का?
– एम. फार्म.ची विद्यार्थिनी, कुडाळ

उत्तर : नाही. अर्क नुसता सूज उतरवणारा असला तरी आकडा असाच येतो. म्हणून वेगळ्या गटात कॅराजिननची (समुद्री शेवाळातला, टोचला की सूज आणणारा पदार्थ) सूज आणून बघा. ती काही तासांत चढते आणि तिला मेंढीच्या पेशींची आधी ओळख लागत नाही. तिथेही सूज तितकीच उतरली, तर प्रतिकारशक्तीचं नाव घेऊ नका. आणखी एका गटाला फक्त पहिले सहा दिवस अर्क द्या आणि पंजात टोचण्याआधी बंद करा. तरीही सूज कमी राहिली, तर दाव्यात दम आहे.

मूळ मांडणी अशी ठेवा. मेंढीचं रक्त अल्सेव्हर द्रावणात (रक्त गोठू न देणारं द्रावण) 4 अंशांवर ठेवायचं आणि सलाइनमध्ये तीनदा धुवायचं. वरचं पाणी लाल दिसलं की पेशी फुटल्यात, ते रक्त फेकून द्यायचं. कोकणात मेंढी कुठली, रक्त घाटावरूनच मागवावं लागतं. पण म्हणून खाटकाकडचं बोकडाचं चालवून घेऊ नका, आकडे कुणाच्याच कामाशी जुळणार नाहीत. शून्याव्या दिवशी 0.2 मिलीत दहा कोटी पेशी पोटात. सातव्या दिवशी आधी प्रतिपिंडांसाठी रक्त काढा, मग 0.03 मिलीत तितक्याच पेशी उजव्या मागच्या पंजात, डाव्यात नुसतं सलाइन. 24 आणि 48 तासांनी दोन्ही पंजे मोजा; हीच उशिराची सूज. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) जरा जास्त दाबला की सूज हवी तशी 'उतरते'.

एकच मात्रा घेतलीत, ही मोठी उणीव. याच सालीच्या पाण्यातल्या अर्काने उंदरांत 50 मिग्रॅला पेशींची प्रतिक्रिया वाढल्याचं आणि 100 ला उशिराची सूज दबल्याचं नोंदलेलं आहे. तेव्हा 25, 50, 100, 200 असे चार गट हवेतच. माणसाच्या मात्रेशी ताळा असा घाला : 60 किलोचा माणूस 3 ग्रॅम साल घेत असेल तर किलोला 50 मिग्रॅ; उंदरासाठी 12.3 ने (माणसाची मात्रा उंदराच्या मात्रेत बदलायचा गुणक) गुणून 615. सालीतून 10 टक्के अर्क निघत असेल तर सुमारे 60 मिग्रॅ. 20 ग्रॅमच्या उंदराला तोंडावाटे 0.2 मिलीपेक्षा जास्त देऊ नका.

तुलनेच्या औषधातही फसगत होते. प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोफॉस्फमाइड मेंढीच्या पेशी टोचण्याआधी दिलं तर उशिराची सूज उलट वाढू शकते, कारण लगाम घालणाऱ्या पेशी आधी मरतात. ते पेशी टोचल्यानंतर द्या, नाहीतर सायक्लोस्पोरिन घ्या.

वजन रोज नोंदवा. उंदीर खंगला की ताणाच्या संप्रेरकांनी थायमस (प्रतिकारपेशी घडवणारी छातीतली ग्रंथी) आपोआप आक्रसतो. ते विषबाधेचं लक्षण, औषधाचा गुण नव्हे. गट वाढवण्याआधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची सुधारित मंजुरी घ्या. जुन्या मंजुरीवर नवे उंदीर वापरता येत नाहीत.

प्रश्न : साल गावातून पावसाळ्यात आणली तर चालेल?
– वाचक, देवगड

उत्तर : शक्यतो पाऊस सरल्यावर आणा. ओल्या सालीवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातलं विष) उकळूनही जात नाही आणि प्रतिकारपेशींना स्वतःच चेतवतं. मग अर्काचा परिणाम कुठला आणि घाणीचा कुठला, कळायला मार्ग नाही. आणायचीच असेल तर त्याच दिवशी पातळ पट्ट्या करून 40-45 अंशांच्या ड्रायरमध्ये घाला आणि अर्काची एंडोटॉक्सिन चाचणी करून घ्या.

नुसती साल कुणाकडून घेऊ नका, झाड स्वतः पाहा. सातवीणीला टोचलं की पांढरा चीक येतो आणि पानं एका पेरावर बहुधा पाच ते सात, वर्तुळात असतात. गल्लत होऊ शकते ती काजऱ्याशी (कुचल्याशी). त्याची पानं समोरासमोर, त्यांत तळापासून निघालेल्या तीन ते पाच ठळक शिरा, आणि चीक अजिबात नाही. काजऱ्यात स्ट्रिक्निन असतं. त्याची साल चुकून आली तर उंदीर आचके देऊन मरतील. फांदीचा नमुना दाबून, वाळवून वनस्पतिशास्त्र विभागात क्रमांकासह जमा करा.