किट्टेल म्हणजे किटली नव्हे

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी धारवाडला शिकते. तिथे कानडी कोश करणाऱ्या किट्टेल साहेबांचं नाव कॉलेजलाही आहे. माझे थोरले बंधू म्हणतात, हे घराणं किटल्या बनवणारं असणार. या आडनावाचा अर्थ काय, ते आलं कुठून, आणि आपल्यासारखी आडनावावरून त्यांची जात कळते का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : दादा, चहाच्या किटलीला जर्मनमध्ये ‘केसल’ म्हणतात. भांडी घडवणाऱ्याचं आडनाव त्यावरूनच पडलं, ‘केसलर’. म्हणजे आपल्याकडचे तांबट. थोरल्या बंधूंचा तर्क केसलर मंडळींना बरोबर लागू पडतो, किट्टेलना नाही.

‘किट्टेल’ हे कपड्याचं नाव आहे. अंगातल्या कपड्यांवर चढवायचा सैलसर, लांब झगा. मध्ययुगीन जर्मनमध्ये तो ‘कितेल’ होता. आज डॉक्टरांचा पांढरा कोट, कारखान्यातल्या कामगाराचा डगला, घरकाम करताना बायका वरून घालतात तो झगा, या सगळ्यांना किट्टेलच म्हणतात.

हा शब्द मला पुण्यात जर्मन शिकताना भेटला. पुस्तकात पांढरा कोट घातलेल्या डॉक्टरचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं ‘किट्टेल’. मी तिथेच थांबले. आमचे अण्णा बेळगावात खडे बाजारात शिवणकाम करायचे. मेडिकलच्या मुलांचे कोट त्यांच्याकडे यायचे. जाड पांढरं ड्रिल, गुडघ्यापर्यंत लांबी, दोन खिसे खाली, एक छातीवर. कापायचे अण्णा, काजं करायचे मी. पाचवं काज नेहमी तिरकं जायचं आणि अण्णा काही न बोलता ते उसवून परत माझ्या हातात द्यायचे. आमची गल्ली जर्मनीत असती तर आमचंही आडनाव किट्टेल पडलं असतं, असं त्या दिवशी वाटलं. आजही वाटतं.

कारण तिकडे आडनावं अशीच पडली. साधारण बाराव्या शतकापासून शहरं वाढली, खरेदीखतं लिहिली जाऊ लागली आणि एकेका गल्लीत पाच-पाच हान्स, पाच-पाच हाइनरिश झाले. मग लोक ओळखायला काहीतरी जोडू लागले. झगे शिवणारा हान्स, किंवा कायम झगा घालूनच दिसणारा हान्स. दोघांनाही किट्टेल हे नाव चिकटू शकतं. आपल्याकडे घोंगडे आणि टोपीवाले आहेतच. आणि तुमच्या-माझ्या शेजारी कानडी घरं आहेत, तिथे तर याची रेलचेल आहे : मेणसिनकाई म्हणजे मिरची, उळ्ळागड्डी म्हणजे कांदा, अक्की म्हणजे तांदूळ. जर्मनीत फेफर म्हणजे मिरी, क्नोब्लाउख म्हणजे लसूण, आणि जर्मनीचे माजी चान्सलर हेल्मुट कोल यांच्या आडनावाचा अर्थ कोबी.

आता जातीचं. नाही, कळत नाही. तिथली सर्वांत जास्त आढळणारी आडनावं म्युलर, श्मिट आणि श्नायडर, म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा, लोहार आणि शिंपी. पण आजचा श्नायडर वकील असेल, म्युलर सर्जन असेल, आणि त्यात कुणालाच नवल वाटत नाही. लग्न ठरवताना कुणी आडनाव बघून मागे सरत नाही. सीमाभागातल्या माणसाने हे मुद्दाम ऐकावं, म्हणून लिहिते.

तुमच्या मुलीचे किट्टेल म्हणजे फर्डिनांड किट्टेल. जन्म 1832, उत्तर जर्मनीत समुद्राकाठच्या पूर्व फ्रिसियात. त्या भागात वडिलांचं नावच मुलाचं आडनाव व्हायची जुनी रीत होती. 1811 मध्ये तो भाग ताब्यात असलेल्या नेपोलियनने हुकूम काढून तिथल्या सर्वांना कायमचं आडनाव घ्यायला लावलं. किट्टेल 1853 मध्ये बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेतर्फे इकडे आले. धारवाड, मंगळूर, मडिकेरी इथे राहिले, आणि 1894 मध्ये त्यांचा कानडी-इंग्रजी कोश मंगळूरला छापून निघाला. सुमारे 70,000 शब्द! मराठीशी नातं असलेल्या कानडी शब्दांपुढे त्यांनी मराठीची खूण केली आहे. मुलीला ग्रंथालयात तो कोश उघडून त्या खुणा शोधायला सांगा. दोन भाषा एकमेकींच्या घरात किती वर्षं ये-जा करताहेत, ते तिला पानोपानी दिसेल. 1896 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. 1903 मध्ये तिथेच ते वारले.

उच्चाराचं राहिलं. रोमन लिपीत या आडनावात दोन ‘टी’ आहेत, म्हणून आपण आणि कानडी लोक ‘ट्ट’ असं जोडाक्षर करतो. जर्मनमध्ये ते दोन ‘टी’ फक्त आधीची ‘कि’ ऱ्हस्व आहे एवढंच सांगतात. जर्मन माणूस ‘किटल’ म्हणेल, ‘ल’च्या आधीचा स्वर जेमतेम ऐकू येईल असा. एकट्याला ‘हेर किटल’, बाईंना ‘फ्राउ किटल’, आणि अख्ख्या घराला ‘दी किटल्स’, आपण ‘पाटील मंडळी’ म्हणतो तसं. पण धारवाडात शंभरावर वर्षं किट्टेल म्हणतात, तर मुलीने खुशाल किट्टेलच म्हणावं. आणि थोरल्या बंधूंना केसलर जरूर सांगा.