पश्चिमेची काच, उघडं काँक्रीट आणि काळी माती

इंदूरच्या वाचकांचे चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

राजेंद्रनगरात पश्चिममुखी प्लॉट आहे. हॉलला खालपासून वरपर्यंत काच लावून वर दोन फुटी छज्जा काढला तर चालेल का?

नाही. छज्जा दक्षिणेच्या खिडकीला शोभतो. इंदूरला मार्चच्या विषुवदिनी भर दुपारी सूर्य सुमारे ६७ अंशांवर असतो. तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवर ६०० मिमी छज्ज्याची सावली १.४ मीटर खाली उतरते आणि चार फुटी खिडकी पूर्ण झाकते. डिसेंबरात सूर्य ४४ अंशांवर येतो, सावली ५८० मिमी उरते आणि थंडीतलं हवंसं ऊन आत येतं. पश्चिमेला मात्र मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य जेमतेम २६ अंशांवर! त्याच छज्ज्याची सावली ३०० मिमी, बाकी सगळी काच उन्हात. आतला पडदा उपयोगाचा नाही, कारण ऊन तोवर घरात शिरलेलं असतं. गडद फिल्मने काच स्वतःच तापते. मधला भाग गरम आणि फ्रेममधली कड थंड राहिली की ती तडकूही शकते. ऊन बाहेरच अडवा: जाळी, उभ्या पट्ट्या किंवा व्हरांडा. मोठी काच उत्तरेला न्या. भार कॉलमवर गेल्यामुळे भिंत मोकळी झाली, हे आधुनिक वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांचं तत्त्व. ती कुठल्याही दिशेला उघडा, असं त्यात नाही.

काँक्रीटची भिंत उघडी ठेवली तर प्लास्टरचे पैसे वाचतील ना?

वाचतील, पण शटरिंगमध्ये, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यात, जातील. प्लास्टर चुका झाकतं, इथे झाकायला काहीच नाही. साच्याला फिल्म-फेस प्लाय (गुळगुळीत थर दिलेलं प्लायवूड) वापरा आणि सांध्यांना फोमची पट्टी लावा. सांध्यांतून स्लरी (सिमेंटचं पातळ पाणी) गळाली की गिट्टी उघडी पडून मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. पाणी-सिमेंट प्रमाण ०.५ धरलं तर ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी, त्यातून ओल्या वाळूतलं पाणी वजा. मिस्त्री 'जरा पातळ करू' म्हणाला की थांबवा. काँक्रीट ४५० मिमीच्या थरांत ओता. काँक्रीट हलवून दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई उभी घाला, बुडबुडे थांबले की सावकाश काढा. ती प्लायला टेकली तर तिथे डाग उमटतो. सळया बांधायच्या बाइंडिंग वायरची टोकं आत वळवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यानंतर भिंतीवर तपकिरी ओघळ दिसतील. पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंट असेल तर किमान दहा दिवस पाणी मारा. आधी एक मीटर लांब-रुंद नमुना ओतून घ्या. तो पसंत पडला तरच भिंतीला हात लावा.

इंदूरच्या माणिकबाग महालाला आधुनिक म्हणतात ते नक्षी नाही म्हणून?

तेवढ्यासाठी नाही. यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हा महाल घडवला, तेव्हा खोली आणि तिच्यातलं फर्निचर यांचा विचार एकत्रच झाला. आज आधी घर बांधून मग इंटिरिअरवाला बोलावतात, तिथेच गाडी अडते.

एएसी ब्लॉकच्या (हवेची छिद्रं असलेल्या हलक्या काँक्रीट ब्लॉकच्या) भिंतीला कॉलमजवळ वर्षभरात भेग आली. पाया खचला का?

बहुधा नाही. ब्लॉक आणि काँक्रीट वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, म्हणून सांध्यावर उभी सरळ भेग पडते. भेगेच्या दोन्ही बाजूंचं १०० मिमी प्लास्टर काढा, सांधा लवचीक सीलंटने भरा, फायबरची जाळी लावून पुन्हा प्लास्टर करा. नव्या भिंतीत ही जाळी आधीच बसवा, बीमखाली १० मिमी फट सोडून ती लवचीक मालाने भरा आणि ब्लॉक भिजत घालू नका, पृष्ठभाग ओला केला की पुरे.

भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी किंवा पायऱ्यापायऱ्यांनी जात असेल, तर मात्र संशय काळ्या मातीवर घ्या. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून अशा जमिनीत अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगवटा असलेले पायाचे खांब) साधारण साडेतीन मीटर खोल नेतात आणि खालचा फुगवटा खांबाच्या व्यासाच्या अडीचपट ठेवतात. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख टाका, मधली रुंदी मोजून ठेवा. मे आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा. ती उघडमीट करत असेल, तर प्लास्टरवाल्याला नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.