माळ्यावरचं इंजिन पुन्हा रुळावर

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात आणि पुढचे दोन-तीन आठवडे मला जुन्या विजेच्या खेळण्यातल्या आगगाड्यांबद्दल विचारणा होत राहते. त्यातल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

आजोबा रेल्वेत होते. त्यांच्या ट्रंकेत हॉर्नबी डब्लो या ब्रिटिश खेळण्याचं तीन रुळांवर चालणारं इंजिन आणि कंट्रोलर मिळाला. वीज दिली की इंजिन हलत नाही, नुसतं तापतं. मोटार जळाली का?
(जुळे सोलापूर)

आधी वीज बंद करा. इंजिन तापतंय याचा अर्थ मोटारीपर्यंत वीज पोचते आहे, आणि ही चांगली खूण आहे. इतकी वर्षं पडून राहिलं की आतलं तेल-ग्रीस सुकून लाखेसारखं घट्ट होतं. मोटार जोर करते, पण फिरता येत नाही म्हणून तापते. ‘जळालंय’ म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेक इंजिनांना एवढंच झालेलं असतं.

वरचं कवच काढा. चाकं हाताने फिरवायचा मोह आवरा. या इंजिनात मोटारीच्या दांड्यावरचा वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) चाकांना फिरवतो, चाकं वर्मला फिरवू शकत नाहीत. जोर लावलात तर दाते जातील. बोटाने हळूच आर्मेचर, म्हणजे मोटारीतला तार गुंडाळलेला फिरता भाग, फिरवून बघा. अडकत असेल तर दोन्ही टोकांच्या बेअरिंगवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा फिरवा. घाई नको. कधी कधी चार-पाच वेळा असं करावं लागतं, आणि मग एकदम बोटाला जाणवतं की ते सुटलं.

त्यानंतर कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरला वीज देणारा त्याच्या टोकाचा भाग. त्याला तांब्याचे तीन तुकडे असतात, त्यावर काळं पुट चढलेलं दिसेल. अल्कोहोलात भिजवलेल्या इअरबडने ते पुसा. तुकड्यांमधल्या फटींत कार्बनची भुकटी बसते, ती लाकडी टूथपिकने काढा. पॉलिश पेपर लावू नका, त्याचे चरे पुढे कार्बन (कम्युटेटरवर घासणारे ब्रश) खातात. मग कार्बन बाजूला करून मल्टिमीटर लावा. दोन-दोन तुकड्यांमधलं रीडिंग तिन्ही वेळा जवळपास सारखं आलं तर वाइंडिंग (तारेचे वेढे) बहुधा शाबूत आहे. एखादं अगदीच वेगळं आलं तरच मोटार भरायचा विचार करा. यंत्रमागाच्या आणि पंख्याच्या मोटारी भरणारे कारागीर आपल्या शहरात आहेत. जुनी तार किती जाडीची आणि वेढे किती, हे मोजून दिलंत तर त्यातला जाणता माणूस हे बारीक कामही करून देईल.

एक गोष्ट मात्र मी नुकसान सोसून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका स्नेह्यांच्या डब्लो इंजिनाचं आर्मेचर काढून मी रात्रभर टेबलावर ठेवलं. सकाळी जोडलं तर इंजिन रांगायला लागलं आणि वीजही जास्त ओढायला लागलं. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या त्या जुन्या चुंबकाच्या टोकांमधलं लोखंड, म्हणजे आर्मेचर, काढून घेतलं की त्याची शक्ती उतरते. चुंबक पुन्हा भारून घेईपर्यंत त्या स्नेह्यांना तोंड दाखवायची मला लाज वाटत होती. म्हणून आर्मेचर काढायचंच असेल तर ते सरकवतानाच चुंबकाच्या टोकांवर मऊ लोखंडाची पट्टी बसवा.

इंजिनाला खोबरेल चालेल का?
(साखर पेठ)

नाही. ते घट्ट होतं. शिलाई मशीनचं पातळ तेल घ्या, सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. तुमच्या भागात मागांचं सूत हवेत उडतं. तेल घालण्याआधी आसांभोवती गुंडाळलेले तंतू चिमट्याने ओढून काढा, नाहीतर त्या तेलाचा चिखल होईल.

अमेरिकेतून आलेला लायोनेल कंपनीच्या खेळण्यातल्या गाडीचा सेट आहे. ट्रान्सफॉर्मर थेट लावू का? आणि एका नातेवाइकांकडे हेच इंजिन मधेच थांबून उलटं जायचं.
(होटगी रोड)

थेट अजिबात नको. तो ट्रान्सफॉर्मर साधारण 110 ते 120 व्होल्ट, 60 हर्ट्झसाठी केलेला आहे. आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ आहे. पुरेशा वॅटचा स्टेप-डाऊन (व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) मधे लावा. तरीही 50 हर्ट्झवर तो जास्त तापतो, म्हणून एका वेळी एकच गाडी, आणि हाताला चटका बसायला लागला की विश्रांती. वायरीवरचं रबर तडकलेलं असेल तर वायर बदलल्याशिवाय प्लग लावूच नका. घरात मुलं आहेत.

उलटं जाण्यात भूतबाधा नाही. वीज क्षणभर तुटली की या इंजिनातला दिशा बदलणारा स्विच एक पायरी पुढे सरकतो: पुढे, थांबा, मागे, थांबा. मळक्या रुळावर वीज तुटते आणि इंजिन आपोआप पायरी बदलतं. रूळ आणि मधल्या रुळावर टेकणारी रोलर स्वच्छ करा.

काका, मला बाबांच्या लहानपणचं इंजिन मिळालं. रंग उडालाय. नवा स्प्रे मारू का? मी आठवीत आहे.
(पंढरपूर)

बाळा, नको मारूस. जिथे रंग उडालाय तिथे तुझ्या बाबांची बोटं लागलेली आहेत. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि अक्षरांवरून अलगद. मोटारीला पाणी लागू देऊ नकोस. थिनर तर कपाटातच राहू दे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या इंजिनाचं ओतीव कवच फुगलंय, भेगा पडल्यात. फेविक्विकने जोडू का?
(बार्शी)

जोडून उपयोग नाही. त्या काळच्या जस्ताच्या ओतकामात शिसं मिसळलं गेलं की धातू आतल्या आत, कणाकणांच्या सीमेवर गंजतो आणि फुगतो. ते परतवता येत नाही, दमटपणा टाळून सावकाश मात्र करता येतं. शेजारच्या इंजिनाला लागण होत नाही, ती भीती सोडा. स्क्रू आवळू नका, सिलिका जेलची पुडी घालून डब्यात ठेवा, आणि चाकं व मोटार वेगळी जपा. कवच नवीन करता येतं. डबा पत्र्याखालच्या माळ्यावर नको. आपला मे महिना प्लॅस्टिकलाही सोडत नाही: ट्रायअँग कंपनीच्या गाड्यांची सुरुवातीची सेल्युलोज अॅसिटेट या प्लॅस्टिकची कवचं वाकडी होतात ती अशाच उष्णतेनं.

एन गेजचं (बारीक रुळांवरच्या छोट्या मॉडेलचं) कवच फुटलेलं, पण चालू इंजिन आहे. त्यावर बार्शी लाईट या अरुंद रुळांच्या रेल्वेचं इंजिन बांधता येईल?
(कुर्डुवाडी)

हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. 1897 साली सुरू झालेल्या बार्शी लाईटचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) अडीच फूट, म्हणजे 762 मिमी. एचओ या मॉडेलच्या मापाच्या 1:87 प्रमाणात तो पावणेनऊ मिमी येतो, आणि तुमच्या एन गेजचे रूळ 9 मिमीचे. म्हणजे खालचा सांगाडा आयता मिळाला, वरचं कवच 1:87 मध्ये करा. किटसन कंपनीने त्या रेल्वेसाठी बांधलेल्या पहिल्या इंजिनांना जोडलेली आठ चाकं होती, तुमच्या सांगाड्याला बहुधा सहा असतील. बाजूच्या टाक्या थोड्या खाली उतरवल्या की तो फरक पटकन डोळ्यात भरत नाही. पितळेचा पत्रा कापण्याआधी पुठ्ठ्याचं कवच करून वळणावर फिरवून बघा, टाकीचा कोपरा चाकाला घासतो का ते तिथेच कळेल.