सोमवार राहू द्या, आधी संध्याकाळचे पाच सांभाळा

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझं वय 46, उंची पाच फूट एक इंच, वजन 74 किलो. इचलकरंजीत आमचं एकत्र कुटुंब आहे. सासूबाई, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि दोघींची मिळून चार मुलं. पहाटे साडेपाचला उठून मी सगळ्यांचे डबे भरते. गेल्या महिन्यात तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, 6.2 आली. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ता नको, पण खाणं आणि वजन आवरा. माझ्या आईला शेवटी इन्सुलिन घ्यावं लागलं होतं, त्यामुळे मनात धास्ती आहे. तरी डाएट टिकत नाही. दर सोमवारी सुरू करते. नाश्ता बंद, भात बंद, रात्री नुसतं सूप. संध्याकाळी मुलं घरी आली की भडंग, खारी निघते आणि माझाही हात जातो. गुरुवारी उपवासाची खिचडी खाल्ली की सगळंच मोडतं, मग वाटतं आता पुढच्या सोमवारी बघू. मैत्रीण म्हणते, तुझ्यात मोटिव्हेशनच नाही. ते आणायचं कुठून?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं मला मान्य नाही. वर्षानुवर्षं पहाटे साडेपाचला उठून घरादाराचे डबे भरणाऱ्या बाईकडे निर्धार कमी आहे असं कोण म्हणेल? डबे भरायला तुम्हाला रोज उत्साह गोळा करावा लागत नाही. पीठ कुठं, डबे कुठं, गॅसवर आधी काय चढवायचं हे सगळं ठरलेलं असतं, म्हणून ते होतं. डाएटचं मात्र तुम्ही फक्त काय बंद करायचं एवढंच ठरवता. त्याऐवजी काय खायचं, ते कोण करणार, किती वाजता खायचं, यातलं काहीच ठरलेलं नसतं. मग तो सगळा भार मनावर पडतो आणि मन दिवसभराच्या कामानं आधीच थकलेलं असतं.

कोल्हापुरात आहारसल्ला देताना ज्यांचं टिकलेलं मी पाहिलं, त्यातल्या बहुतेक जणी पहिल्या दिवशी तुमच्याइतक्याच धास्तावलेल्या होत्या. उत्साह त्यांना नंतर आला, पहिला रिपोर्ट सुधारल्यावर. तो आधी यायची वाट बघत बसू नका.

आता तुमचा सोमवार बघू. पहाटे साडेपाच ते दुपारी एक, एवढा वेळ पोटात फक्त चहा. दुपारी भात टाळला म्हणून एखादी भाकरी आणि भाजी. आणि पाच वाजता दप्तरं टाकून मुलं स्वयंपाकघरात. अशा वेळी भडंगाच्या ताटाकडे हात जाणं हा मनाचा कमकुवतपणा मुळीच नाही. सकाळपासून न मिळालेलं अन्न शरीर त्या वेळी मागतं. तुमचा सोमवार खरं तर सकाळीच मोडलेला असतो, दिसतो मात्र संध्याकाळी.

म्हणून पहिलं काम, नाश्ता परत सुरू करा. डबे भरून झाले की साडेआठच्या आत खाली बसून खा. दोन उकडलेली अंडी आणि अर्धी भाकरी, नाहीतर वाटीभर मटकीची उसळ आणि एक भाकरी, नाहीतर दोन मुगाची धिरडी आणि दही. डब्यासाठी उसळ केलेलीच असते, त्यातलीच आपली वाटी आधी काढून ठेवायची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी माणसाला शरीराच्या दर किलोमागे रोज साधारण 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या उंचीला शोभेल असं वजन धरलं तरी दिवसाला 45 ग्रॅमच्या आसपास होतात. एका अंड्यात 6 ग्रॅम, वाटीभर घट्ट उसळीत 7-8 ग्रॅम. नुसत्या चहावर काढलेल्या सकाळी यातलं जवळजवळ काहीच पोटात जात नाही आणि भूक दिवसभर पाठीशी लागते. (मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.)

चहा बंद करा असं मी सांगत नाही. पण कपाला दोन चमचे धरले तर चार कपांचे आठ चमचे होतात, म्हणजे 40 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करत या. जीभ जुळवून घेते.

आता संध्याकाळचे पाच. माझ्या मते तुमचं सगळं डाएट या दोन तासांत आहे, म्हणून इथं जरा सविस्तर सांगते. मुलं यायच्या आधी, साडेचारला, तुम्ही खाऊन घ्यायचं. मूठभर फुटाणे आणि ग्लासभर ताक, किंवा दुपारची उसळ वाटीभर, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. हे सकाळीच एका डब्यात काढून ठेवा आणि त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही असं घरात सांगून टाका. तुमच्या घरात प्रत्येकाचा डबा असतो, तुमचा नसतो. तो आजपासून असू द्या. भडंगाचं मोठं पाकीट ओट्यावर न ठेवता वरच्या फळीवर चढवा आणि मुलांना प्रत्येकी वाटी भरून द्या. एका ताटात सगळ्यांनी खाल्लं की कुणी किती खाल्लं ते कळतच नाही. शेंगदाणे पौष्टिक आहेत, पण 100 ग्रॅममध्ये साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. येता-जाता तोंडात टाकायचे नाहीत, मोजून मूठभर.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण एकत्र कुटुंबातल्या बाईला मी ती नेहमी विचारते. तुम्ही सगळ्यांत शेवटी जेवता ना? कढईतला उरलेला भात, धाकट्याच्या ताटातली अर्धी पोळी, दोन घास आमटी भुरकून भांडं रिकामं करायचं. अन्न टाकवत नाही, हा आपल्या घरांतला चांगला संस्कार आहे. पण उरलेलं संपवण्याची जबाबदारी एकट्या सुनेच्या पोटावर का? तुमचं ताट इतरांबरोबरच वाढून घ्या. जाऊबाईंशी बोलून वाढण्याच्या पाळ्या लावा. उरलेला भात डब्यात घालून लगेच फ्रिजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी भांड्यात एक मूठ तांदूळ कमी. हे मी अगदी आग्रहानं सांगते, कारण नुसतं उरलेलं संपवून वजन वाढलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

भात बंद करायचीही गरज नाही. वेगळं सूप, वेगळं सॅलड असं दुसरं जेवण स्वतःसाठी रांधत बसलात तर चौथ्या दिवशी कंटाळाल. जे घरात शिजतं त्यातलंच खा, फक्त वाढण्याचं माप बदला. अर्धं ताट भाजी, कोशिंबीर आणि पालेभाजी, पाव ताट आमटी-उसळ किंवा मासे-चिकन, पाव ताट भाकरी किंवा भात. दोन्ही हवं असेल तर एक भाकरी आणि अर्धी वाटी भात. रविवारी तांबडा-पांढरा केलात तर मटणाच्या फोडी आणि रस्सा घ्या, वरचा तेलाचा कट बाजूला सारा. चहाच्या एका चमच्याएवढ्या तेलात 45 कॅलरी असतात. महिन्याला घरात किती तेल येतं आणि खाणारी माणसं किती, याचा भागाकार करून बघा. मी माणशी अर्धा लिटर धरायला सांगते.

गुरुवारचा उपवास सोडा असं मी कधीच सांगणार नाही. ती तुमची श्रद्धा आहे आणि ती जपूनही हे जमतं. अडचण साबुदाण्याची आहे. तो जवळजवळ नुसता स्टार्च असतो, 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात एक ग्रॅमसुद्धा प्रथिनं नसतात, वर तूप आणि बटाटा. खिचडीनं शुगर भरभर चढते आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी थापा, सोबत काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर आणि वाटीभर दही. राजगिऱ्यात 100 ग्रॅमला 13-14 ग्रॅम प्रथिनं असतात. भगर केलीत तर थोडी, आणि ताक जास्त. सासूबाईंसाठी खिचडी होणारच असेल तर चार चमचे चवीला घ्या. चार चमच्यांनी काही मोडत नाही. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या वाचकांनी मात्र डॉक्टरांना न विचारता उपवास करू नये.

'मोडलं, आता पुढच्या सोमवारी' हे वाक्य तेवढं आता सोडा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांना एक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते नोंदवलं. सरासरी 66 दिवस निघाले, कुणाला 18, तर कुणाला त्याहून कितीतरी जास्त. त्यात आणखी एक गोष्ट दिसली की मधे एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा अडथळा येत नाही. गुरुवारी दुपारी खिचडी खाल्लीत तर गुरुवारी रात्रीचं जेवण ठरल्याप्रमाणे. शुक्रवार नाही, सोमवार तर नाहीच.

आता धास्तीबद्दल. एचबीएवनसी 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा. तुम्ही अजून अलीकडे आहात, हे मनाशी पक्कं धरा. चेन्नईत अशाच उंबरठ्यावरच्या 531 जणांवर अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात सुमारे तीन वर्षांत 100 पैकी 55 जणांना मधुमेह झाला. खाण्यात आणि चालण्यात बदल करवून घेतलेल्या गटात 39 जणांना. आणि ज्यांचा मधुमेह टळला, त्यांची वजनं काही फार उतरलेली नव्हती! हे मी मुद्दाम सांगते, कारण वजनकाट्याचा आकडा हलला नाही की लोक हताश होऊन सोडून देतात. वजन उतरलं तर उत्तमच. 74 वरून 70 झालं तरी पुष्कळ. पण रोज काट्यावर उभं राहू नका. महिन्यातून एकदा टेपनं कंबर मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा 80 सेंटिमीटरची धरतात. टेप नसेल तर परकराच्या नाडीवर आज गाठ येते तिथं पेननं खूण करा. तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा तपासा. त्याआधी घाई नको, कारण लाल पेशींचं आयुष्य साधारण 120 दिवसांचं असतं आणि ती तपासणी त्या पेशींवरच्या साखरेचीच असते.

हा रिपोर्ट घरात सगळ्यांना दाखवा, सासूबाईंना सगळ्यांत आधी. 'मला वजन कमी करायचंय' म्हटलं की घरचे म्हणतात, काय करायचंय बारीक होऊन, खा गं. 'मला आईसारखं इन्सुलिनवर जायचं नाही' म्हटलं की तेच घर तुमच्यासाठी राजगिरा दळून आणतं. पहिल्या आठवड्यात फक्त नाश्ता आणि साडेचारचा डबा, बाकी काही बदलू नका. तेवढं बसलं की जेवणानंतर जाऊबाईंना घेऊन रोज पंधरा मिनिटं चालायला लागा.

प्रश्न : मी 32 वर्षांचा, पुण्यात नोकरी करतो. चार महिन्यांत 6 किलो वजन कमी केलं. आता गणपतीला दापोलीला घरी जाणार. गेल्या वर्षी परत आलो तेव्हा अडीच किलो वाढलं होतं आणि नंतर सगळं सोडूनच दिलं. या वेळी काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : घरी जा आणि आईच्या हातचे उकडीचे मोदक खा. जेवणाच्या ताटात भाताऐवजी दोन मोदक घ्या, वर तूप. जेवून झाल्यावर आणखी चार नकोत. आरतीच्या फेऱ्या पायी करा. गेल्या वर्षीच्या अडीच किलोंत चरबी थोडीच असणार. गोड आणि पिष्टमय खाणं वाढलं की शरीर ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, साठवतं आणि त्याच्या एका ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. फरसाण आणि लोणच्यातल्या मिठानं त्यात भर पडते. हे पाणी नेहमीचं खाणं सुरू झालं की आठवडाभरात उतरतं. म्हणून पुण्यात परतल्यावर आठ दिवस काट्यावर उभे राहू नका. निघण्यापूर्वीच मूगडाळ, अंडी आणि दोन भाज्या खोलीवर आणून ठेवा. परतीच्या रात्री किती उशीर झाला तरी बाहेरून न मागवता कुकरला डाळ-तांदळाची खिचडी लावा, आणि आईनं बांधून दिलेली करंज्यांची पिशवी दुसऱ्या दिवशी ऑफिसात वाटून टाका.