'निविदेला आव्हान' देण्याचा 'अधिकार': लोकस स्टँडायला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: 'याचिकाकर्त्यास अधिकार नसल्याने निविदेला दिलेले आव्हान न्यायालयाने फेटाळले' या वाक्यातला 'अधिकार' लोकस स्टँडायसाठी (म्हणजे न्यायालयात तक्रार घेऊन जाण्याच्या पात्रतेसाठी) योग्य आहे का? नसेल तर कोणता शब्द घ्यावा?

'अधिकार' अगदी चूक नाही, पण मोघम आहे. कायद्याच्या मराठीत मूलभूत राइट म्हणजे 'हक्क', आणि न्यायालयाची कक्षा म्हणजे 'अधिकारिता'. 'अधिकार' प्रामुख्याने पदाबरोबर येतो, जसं सक्षम अधिकाऱ्याचे अधिकार. त्यामुळे वरच्या वाक्यात नेमकं काय कमी पडलं हे वाचणाऱ्याला कळत नाही. याचिकाकर्त्याचा त्या निर्णयाशी कायद्याला मान्य होईल असा संबंधच नव्हता, हे तिथे सांगायचं आहे. त्यासाठी 'दाद मागण्याचा हक्क' हा शब्दप्रयोग सर्वांत नेमका. कोर्टाच्या आवारात वकील सरळ 'लोकस नाही' म्हणतात, बोलताना ते ठीकच आहे.

'दाद' घेण्याचं आणखी एक कारण आहे. मराठीत दाद मागणं वेगळं आणि दाद मिळणं वेगळं. लोकसचा प्रश्न फक्त मागण्यापुरता असतो. हक्क आहे म्हणून तक्रार ऐकली गेली आणि तरी हाती काही पडलं नाही, असं सरकारी कंत्राटांच्या खटल्यांत सर्रास घडतं. बातमीत या दोन गोष्टी एकत्र कालवल्या की सगळा अर्थ बिघडतो.

वाक्यातली मोठी अडचण मात्र मला 'निविदा' या शब्दात दिसते. आपण निविदा काढतो, भरतो, उघडतो आणि मंजूरही करतो. जाहिरात, अटींचा दस्तऐवज, ठेकेदाराचा देकार (त्याने भरलेली बोली), सगळ्याला एकच शब्द. मग 'निविदेला आव्हान' म्हणजे कशाला? अटींना, आपला देकार अपात्र ठरवण्याला, की काम दुसऱ्याला देण्याच्या निर्णयाला? दाद कोणी आणि कधी मागायची, हे याच उत्तरावर ठरतं.

अटी जाचक किंवा एखाद्यालाच सोयीच्या वाटत असतील तर तक्रार देकार भरण्याची मुदत संपण्याआधी हवी: निविदापूर्व बैठकीत लेखी प्रश्न, शुद्धिपत्रकाची मागणी, तरीही बदल झाला नाही तर रिट याचिका. त्याच अटी मान्य करून बयाणा रक्कम भरली, देकार दिला आणि हरल्यावर अटींवर बोट ठेवलं, तर न्यायालय सहसा ऐकत नाही. अटी ठाऊक असून भागच घेतला नाही, तर काम दुसऱ्याला मिळाल्यावर तक्रारीला जागा उरत नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि ग्वाल्हेर-झाशी एक्सप्रेसवे यांच्या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, आणि तो मुंबईचाच. १९७७ च्या जानेवारीत मुंबई विमानतळावर दुय्यम दर्जाचं उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवण्यासाठी देकार मागवले गेले. अट होती, 'नोंदणीकृत दुय्यम दर्जाचा हॉटेलचालक' आणि किमान ५ वर्षांचा अनुभव. काम मिळालं ते कँटीन चालवणाऱ्याला. त्याची दरमहा ६,६६६.६६ रुपयांची परवाना-फी सर्वांत जास्त होती, पण तो अटीत बसत नव्हता. विमानतळ प्राधिकरणाचा एक युक्तिवाद असा, की दर्जा हॉटेलला मिळतो, माणसाला नाही, म्हणून अटीला अर्थच नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. शब्द सैल असले तरी त्यांचा समजेल असा अर्थ लावायचा, ते निरर्थक ठरवायचे नाहीत. भाषेवर प्रेम करणाऱ्यांनी 'रमण दयाराम शेट्टी' निकालाचा (१९७९) हा भाग जरूर वाचावा.

याचिकाकर्ते शेट्टी यांनी देकार भरलेलाच नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की अट शिथिल होणार हे आधी कळलं असतं तर मीही स्पर्धेत उतरलो असतो. हे न्यायालयाला पटलं. सरकारने स्वतः घातलेली अट सरकारलाही बांधते, आणि ती गुपचूप सैल केली तर संविधानाच्या अनुच्छेद १४ खाली समान संधी नाकारली जाते. म्हणजे न भरणाऱ्याचीही तक्रार खरी असू शकते. तरीही कंत्राट रद्द झालं नाही. याचिका पाच महिन्यांहून जास्त उशिराने आली होती, तोवर निवडलेल्या ठेकेदाराने सुमारे सव्वा लाख रुपये खर्च केले होते आणि याचिकेमागे दुसऱ्याच कोणाचा तरी हात असल्याचं न्यायालयाला दिसलं. इथे 'अधिकार नसल्याने फेटाळली' लिहिणं साफ चूक ठरेल. 'विलंबामुळे दाद नाकारली' हे बरोबर.

आता तिऱ्हाइताची गोष्ट. कायद्यांच्या मराठीत 'व्यथित व्यक्ती' असा शब्द येतो. त्यातली व्यथा मनाची नव्हे, कायद्याने जपलेल्या हिताला झालेल्या इजेची. सत्तरच्या दशकात गुजरातमधल्या एका चित्रपटगृहाच्या मालकाने प्रतिस्पर्ध्याच्या ना-हरकत प्रमाणपत्राला आव्हान दिलं होतं. धंद्यातली स्पर्धा वाढली म्हणजे कोणी व्यथित होत नाही, असं न्यायालयाने ठरवलं आणि व्यथित, परका व लुडबुड्या अशा पायऱ्या मांडल्या. विमानतळांवरच्या ग्राउंड हँडलिंगच्या (विमान जमिनीवर असताना लागणाऱ्या सेवांच्या) निविदेतल्या अटींना एका स्वयंसेवी संस्थेने आव्हान दिलं. ते काम करणारी एकही कंपनी पुढे आली नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयाने अटी रद्द केल्या, पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि या संस्थेला दाद मागण्याचा हक्कच नव्हता असं म्हटलं. तुमच्या प्रश्नातलं वाक्य बसेल ते अशा प्रकरणाला: 'संस्थेला दाद मागण्याचा हक्क नसल्याने निविदेतील अटींविरुद्धची याचिका फेटाळली.'

ज्याने देकार भरला आणि तो डावलला गेला, त्याच्या हक्काबद्दल वाद क्वचितच होतो. तो अडतो पुढच्या पायरीवर. टाटा सेल्युलर निकालापासून (१९९४) न्यायालय निर्णयाची प्रक्रिया तपासतं, अपिलासारखं निर्णयाच्या गुणावगुणांत शिरत नाही. नागपूर मेट्रोच्या २०१६ च्या ॲफकॉन्स प्रकरणात तर अटींचा अर्थ लावायला त्या लिहिणारी संस्थाच सर्वांत योग्य, असं ठरलं. अशा बातमीत 'हस्तक्षेपास नकार' लिहावं.

डावललेल्याने पहिल्यांदा लेखी कारणं मागावीत. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १७३ सांगतो, की देकार नाकारल्याबद्दल प्रश्न विचारण्याची सोय निविदेतच हवी आणि देकार भरणाऱ्याने विचारलं तर कारणं द्यायला हवीत. राज्यातल्या कामाला राज्याचे स्वतःचे नियम पाहावे लागतात. याचिका कार्यारंभ आदेश निघण्याआधी दाखल होणं बरं, आणि निवडलेल्या ठेकेदाराला प्रतिवादी करायलाच हवं. त्याला वगळून त्याचं काम रद्द करून मागितलं तर याचिका तिथेच लंगडी पडते. ही त्रुटी असेल तेव्हाही 'अधिकार नाही' लिहू नये, 'आवश्यक पक्षकार नाही' म्हणावं.

राहिली जनहित याचिका. तिथे व्यथित असण्याची अट सैल होते, मात्र वैयक्तिक स्वार्थ नाही हे शपथेवर सांगावं लागतं, म्हणून हरलेल्या ठेकेदाराने दुसऱ्याच्या नावाने ती करणं धोक्याचं. २०१२ मध्ये टू-जी मोबाइल सेवेचे १२२ परवाने रद्द झाले ते जनहित याचिकांवरच. तिथे लिलाव किंवा निविदा झालीच नव्हती. त्या प्रकरणाला 'टू-जी निविदा' म्हणणाऱ्यांनी तेवढं दुरुस्त करावं.